मान आधी, पट मग

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रपाळीत अडीचच्या चहाला मशीन थांबवलं आणि मोबाईल उघडला. बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्या वेळेला कंप्रेसरचा आवाज तेवढा चालू असतो. परशाची लढत सुरू झाली होती. परशा म्हणजे माझा पैलवान. ब्राउझरवर मी एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मारामारीच्या खेळातले पैलवान सांभाळायचा गेम खेळतो, त्यातला. वजनगट बॅंटमवेट, म्हणजे ६१.२ किलोच्या आतला. अकरा लढती, अकरा जिंकलेल्या. या गेमला चित्र नाही, लढत ओळीओळीनं लिहून येते. परशा पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला, खाली गेला, ही एक ओळ. समोरच्यानं मानेला विळखा घातला, ही दुसरी. तिसऱ्या ओळीत परशानं हात थोपटला, म्हणजे हार मानली. पहिला राऊंड, एक मिनिट बावन्न सेकंद.

चहा तसाच थंड झाला. दोन वर्षं घडवलेलं पोर होतं ते.

मी मूळचा कडोलीकडचा. सोळाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो. गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि माती सुटली. आता कारखान्यात व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं संगणकी मशीन चालवतो. पण कुस्ती डोक्यातून गेली नाही, म्हणूनच या गेमवर जीव जडला. गोकाकचा एक मित्र माझ्यासोबत खेळतो, कन्नड बोलणारा. तालमीला तो ‘गरडी मने’ म्हणतो, मी तालीम म्हणतो, बाकी आमचं सगळं जुळतं. आपल्या भागातली बरीच पोरं हल्ली असले गेम खेळायला लागलीत आणि सगळी तीच चूक करतात जी मी केली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या रविवारी वस्तादांकडे गेलो. त्यांनी सत्तरी ओलांडलीय, तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना अजून शिकवतात. माझा चेहरा बघून म्हणाले, “काय झालं रे? घरात सगळी बरी हायत न्हवं?” मी मोबाईल काढून दाखवला. इंग्रजी ओळींचा मराठीत अर्थ सांगितला. मला वाटलं, गेम आहे म्हणून सोडून देतील. पण ते उठले. “पट काढ,” म्हणाले. मी बिचकलो. “काढ की, गुडघा सांभाळून.”

मी वाकलो तसा त्यांचा उजवा हात माझ्या मानेखालून आला. मनगटाचं हाड बरोबर जबड्याखाली, घशावर बसलं. दुसऱ्या हातानं त्यांनी ते मनगट धरलं आणि छाती फक्त दोन बोटं वर उचलली. अंगाला तेलाचा आणि लाल मातीचा वास. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. सोडून म्हणाले, “डोस्कं खाली घातलास की मान दुसऱ्याची झाली. कपाळ त्याच्या बरगडीला लाव. नजर वर. पाठ सरळ. मग पट.” पुन्हा करायला लावलं. कपाळ बरगडीला लागलं तसा त्यांच्या हाताला मानेखाली शिरायला जागाच उरली नाही.

या पकडीला एमएमएमध्ये गिलोटिन चोक म्हणतात आणि कुस्तीतून आलेल्यांना ती फार नडते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला भरत खंदारे यूएफसीच्या, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, पिंजऱ्यात उतरला. मराठी आडनावाचा, कुस्तीतून पुढं आलेला गडी. चीनच्या सोंग यादोंगनं त्याला पहिल्याच राऊंडमध्ये गिलोटिनमध्ये धरलं. तिथवर पोचणं हीच केवढी मोठी गोष्ट होती, पण ती लढत आठवली की आजही माझा हात आपोआप मानेवर जातो. मातीत मान एवढी उघडी पडली तरी कुस्ती तिथंच संपत नाही. पिंजऱ्यात संपते.

म्हणून पहिला सल्ला. नवा पैलवान घेतलात की त्याच्या बॉक्सिंगच्या आकड्याकडे धावू नका. आधी तीन गोष्टी भरा: टेकडाउनचा (पाडलं जाण्याचा) बचाव, सबमिशनचा (पकडीत शरण जाण्याचा) बचाव आणि दम. लढत उभ्यानं चालणार की जमिनीवर, हे जो ठरवतो त्याच्याकडे लढतीचा कब्जा असतो. तुमचा गडी कितीही जोरात ठोसे मारो, समोरचा त्याला दर वेळी आडवा करणार असेल तर ते ठोसे कागदावरच राहतात. परशाचं कुस्तीचं कौशल्य मी गटात सगळ्यात वर नेलं होतं आणि सबमिशनच्या बचावाला दोन वर्षांत एकूण तीन आठवडे दिले होते. अकरा लढती तो दोष झाकला गेला, कारण त्या अकरांत एकही जुजुत्सूवाला, म्हणजे जमिनीवर पकडीत धरून शरण आणणारा, नव्हता.

जुजुत्सूचं मर्म आपल्याला उशिरा कळतं, कारण आपलं रक्त मातीतलं. पाठ टेकली, चीत झाला, हलगी वाजली, निकाल लागला. एमएमएमध्ये पाठ टेकल्यावर अर्धा खेळ सुरू होतो. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्वरमध्ये पहिली यूएफसी झाली, तेव्हा वजनगट नव्हते. अंगानं बारीक दिसणारा जुजुत्सूवाला रॉयस ग्रेसी त्या रात्री एकामागून एक तिघांना शरण आणून जिंकला. खाली पाठीवर पडलेला माणूस पायांनी समोरच्याची कंबर बांधतो, त्याला गार्ड म्हणतात. त्या गार्डमधून हात, मान, खांदा, काहीही जाऊ शकतं. तेव्हा गेममध्ये पैलवान उतरवताना एकच प्रश्न विचारा: पाडल्यावर पुढं काय?

याचं उत्तर प्लॅनच्या स्लायडरमध्ये असतं, जिथं कशाला किती टक्के द्यायचे ते आपण ठरवतो. मी आधी पाडल्यावर ‘पकड टिकवा’ याला सगळ्यात जास्त टक्के द्यायचो. वाटायचं, वर बसलाय म्हणजे गुण मिळतच असतील. पण एमएमएचे पंच तसे गुण देत नाहीत. तिघं पंच, प्रत्येक राऊंडला जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुतेक वेळा नऊ. आधी बघतात ते परिणामकारक मार आणि परिणामकारक पकड. नुसतं पाडून वर बसून राहिलात आणि खालच्यानं दोन कोपर मारले, तर राऊंड खालच्याचाही होऊ शकतो. आता मी गार्ड ओलांडण्याला आणि वरून मारण्याला मिळून साठच्या वर ठेवतो. सबमिशनचा शोध पंधराच्या आसपास, तोही समोरचा दमला असेल तरच.

दमाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. साधी लढत पाच-पाच मिनिटांचे तीन राऊंड, किताबाची पाच राऊंड. आपल्या जुन्या कुस्त्या अर्धा अर्धा तास चालायच्या, त्यात खडाखडीचा वेळ श्वास जमवायला मिळायचा. इथं तसं नाही. नवीन खेळणारा आक्रमकता शंभरावर ठेवतो, पहिल्या राऊंडमध्ये गडी वाघासारखा दिसतो आणि तिसऱ्यात त्याचे हात खाली येतात. तुमच्या हरलेल्या लढतींची कॉमेंट्री उघडून बघा. कोणत्या मिनिटाला ‘श्वास फुललाय’ अशी ओळ पहिल्यांदा येते ते वहीत लिहा. माझ्याकडे तशी दोनशे पानी वही आहे. परशाला ती ओळ आठव्या मिनिटाला यायची. चार महिने दमावर घातले, आता बाराव्याला येते.

ही कॉमेंट्री मन लावून वाचायला हवी, कारण या गेममध्ये काही गुण लपलेले असतात. हनुवटी किती मार सोसते, ठोशात जन्मजात ताकद किती, कातडी किती लवकर फाटते, हिंमत किती. हे आकडे कुठंच दिसत नाहीत. आमच्याकडे फाउंड्रीतून कास्टिंग आलं की हातोडीनं हलकेच टोला मारून बघतात. चांगल्या तुकड्याचा आवाज घुमतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो. पैलवानाचंही तसंच ओळखावं लागतं. एकाच ठोशात पाय लटपटले, तेही तीनपैकी दोन लढतींत, तर त्या पोराला उभ्या मारामारीत उतरवू नका. मी असा एक पोरगा अठराव्या वर्षी घेतला होता. आकडे देखणे होते, पण हनुवटी कच्ची. त्याला समोरच्याला पिंजऱ्याच्या जाळीला रेटून क्लिंचमध्ये, म्हणजे उभ्यानंच मिठी मारून, खेळवायला लागलो, तेव्हा तो टिकला.

आता जोड. माझ्या मते या गेममध्ये याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरतं, तेव्हा लहान पोरांच्या कुस्त्या आधी लागतात आणि मोठ्या जोडी शेवटी. जाणती माणसं पोरं समोरासमोर उभी करतात. उंची बघतात, मांडी बघतात, मान बघतात, कुठल्या तालमीचा, कोणाच्या हाताखालचा ते विचारतात. मग जोड लावतात. कमी-जास्त असेल तर सरळ मोडतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. गेममध्ये लढतीचा प्रस्ताव आला की आपण त्या माणसांसारखं बघायला हवं. समोरच्याचा आठ-शून्य (आठ विजय, एकही हार नाही) बघून घाबरू नका आणि चार-चार बघून हुरळून जाऊ नका. त्या चार हारी कोणाकडून झाल्या? जिंकला तेव्हा कोणत्या राऊंडमध्ये आणि कशानं? त्याच्या हातांची लांबी किती? मी शेवटच्या तीन लढती वाचल्याशिवाय होकार देत नाही. परशाच्या वेळी पाळीवर जायच्या गडबडीत बस येईपर्यंत होकार देऊन टाकला. उघडून बघितलं असतं तर त्या गड्याच्या शेवटच्या पाचांत तीन गिलोटिन दिसले असते.

वजनाबद्दल थोडक्यात, पण मनापासून. गेम वजन तोडून खालच्या गटात उतरायला देतो. थोडं तोडा, फार नको, कारण ते दमातून वसूल होतं. आमच्या तालमीतल्या एका पोराला स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी स्वेटर घालून उन्हात धावताना बघितलंय. दुपारी विहिरीजवळ चक्कर येऊन पडला होता. स्क्रीनवरच्या पोरालाही तसं करायला माझं मन घेत नाही.

पैसा, जिम, कोच हे हळूहळू जमतं. एका कोचकडे गर्दी नको, एवढं बघितलं तरी सुरुवातीला पुरतं.

परशाला मी पाच आठवडे लढत दिली नाही. सबमिशनचा बचाव, रोज तेवढंच. गोकाकचा मित्र दोनदा विचारून गेला की याला विकलास काय. नंतर एक जोड निवडली, बघून, वाचून. तोही जुजुत्सूवालाच घेतला, मुद्दाम. प्लॅनमध्ये लांबून पट काढणं साठवरून पंचवीसवर आणलं, क्लिंच चाळीसवर नेला, म्हणजे कपाळ बरगडीला लागल्यावरच खाली जायचं.

मंगळवारी लढत झाली. बुधवारी सकाळी पाळी सुटल्यावर घरी न जाता कडोलीची बस धरली. वस्ताद पोरांकडून हौदा उकरून घेत होते. मला बघून फावडं थांबवायला सांगितलं.

“काय झालं त्या पोराचं?”

“हरला, वस्ताद. तीन राऊंड गेला. दोघा पंचांनी तिकडं दिला, एकानं आपल्याकडं. २९-२८.”

“आणि मान?”

“चार वेळा गळ्यात हात आला. चारही वेळा काढला.”

त्यांनी मान हलवली, मातीवर थोडं ताक शिंपडलं आणि विचारलं, “पुढची जोड कधी हाय?”