लायडनच्या ग्रंथालयात: डच वसाहतींचा कागदोपत्री वारसा

ॲमस्टरडॅमहून लायडनला रेल्वेने जायला पाऊण तासही लागत नाही. स्पॅनिश सैन्याचा वेढा 1574 मध्ये उठला आणि दुसऱ्याच वर्षी, 1575 मध्ये, या शहरात विद्यापीठ उभे राहिले. रापेनबुर्ख कालव्याच्या काठाने चालताना ठिकठिकाणी घरांच्या भिंतींवर निरनिराळ्या भाषांतील कविता मूळ लिपीत रंगवलेल्या दिसतात आणि विद्येचे हे गाव परभाषांना किती सरावलेले आहे याची कल्पना येते. मी मात्र कालवे पाहायला आले नव्हते. डच वसाहतींचा इतिहास आणि त्या वसाहतींतून जन्मलेले साहित्य यांचा जगातील फार मोठा संग्रह जिथे एकवटला आहे, ते विद्यापीठाचे ग्रंथालय मला पाहायचे होते.

हा संग्रह एका दिवसात किंवा एका हेतूने जमलेला नाही. डच वसाहतींचा अभ्यास करण्यासाठी 1851 मध्ये स्थापन झालेल्या शाही संस्थेचे, म्हणजे ‘केआयटीएलव्ही’चे ग्रंथ, नकाशे, छायाचित्रे आणि हस्तलिखिते 2014 मध्ये विद्यापीठाच्या ताब्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या उष्णकटिबंधीय संस्थेचे सरकारी अनुदान थांबल्याने तिचे ग्रंथालय बंद पडले होते. त्यातला वसाहतकालीन भाग लायडनने घेतला आणि उरलेल्या ग्रंथांचा मोठा हिस्सा थेट इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात गेला. विटे सिंगल कालव्याजवळच्या मुख्य इमारतीवर एक नवा मजला चढवण्यात आला आणि 2017 च्या सप्टेंबरमध्ये राणी माक्सिमा यांच्या हस्ते तेथे आशियाई ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. अनुदान बंद होणे, ग्रंथालये मोडणे, पुस्तके वाटली जाणे हे आपल्याकडेही घडते. फरक इतकाच की इथे फुटलेले संग्रह सांभाळायला एक जुने आणि सधन विद्यापीठ पुढे आले.

दुर्मीळ ग्रंथांसाठी वेगळा वाचनकक्ष आहे. हवे ते आधीच मागवून ठेवायचे, पिशवी बाहेर ठेवायची, शाईचे पेन आत न्यायचे नाही, आणि जाड ग्रंथ मऊ उशीवर ठेवूनच उघडायचा. मी सर्वांत आधी यान हाउखेन फान लिन्सखोटेन याचा 1596 चा प्रवासग्रंथ मागवला होता. हा माणूस 1583 मध्ये गोव्यात आला आणि तेथील पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाच वर्षे राहिला. गोव्याचा गजबजलेला बाजार, पालखीतून जाणारे फिदाल्ग म्हणजे पोर्तुगीज उमराव, ब्राह्मण आणि शेतकरी यांची ताम्रमुद्रित चित्रे या ग्रंथात आहेत आणि ती पाहताना कोणाही कोकणी वा मराठी माणसाची नजर खिळून राहील. पण याच लेखकाने पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले सागरी मार्ग डचांच्या हाती दिले, हे विसरून ती चित्रे पाहता येत नाहीत. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पुढे 1637 मध्ये, गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना आधार म्हणून, आपल्या वेंगुर्ल्यात तिची वखार उभी राहिली.

ज्या ग्रंथासाठी मी मुख्यतः तेथे गेले होते, तो त्यानंतर समोर आला. कोचीनचा डच सेनाधिकारी आणि गव्हर्नर हेंड्रिक फान रेडे याने सिद्ध केलेला ‘होर्टुस मालाबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा लॅटिन कोश 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. पहिल्या खंडावरच्या टिपा लायडन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आर्नोल्ड सायन यांच्या आहेत, त्यामुळे या गावाशी या ग्रंथाचे नाते जन्मापासूनचे आहे. चित्रांच्या पानांवर वनस्पतींची नावे लॅटिन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात, नागरी वाचता न येणाऱ्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरलेली ती अक्षरे आपल्याला आजही सहज लागतात.

पहिल्या खंडाच्या आरंभी काही प्रशस्तिपत्रे आहेत. त्यांपैकी एक एप्रिल 1675 चे, नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत आहे. रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांनी ते दिले आहे. गोव्यातून बाहेर पडून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वत समाजातील हे लोक होते. गव्हर्नरच्या आज्ञेवरून आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ खपून, निघंटूच्या आधारे, वनस्पतींची माहिती दिली असे ते सांगतात. शेजारीच इट्टी अच्युतन या केरळी वैद्याचे त्याच्या लिपीतील प्रशस्तिपत्र आहे. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने आपल्या वर्गीकरणात या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. ज्ञान कोणाचे होते हे या ग्रंथाने निदान नावानिशी छापले, आणि वसाहतकाळातील बहुतेक ग्रंथांविषयी तेवढेही म्हणता येत नाही. या एका पानासाठी मी हा प्रवास पुन्हा आनंदाने करीन.

इंडोनेशियातील हस्तलिखितांकडे वळल्यावर मात्र हा आनंद टिकत नाही. जावाच्या मजपहित राज्याचे वर्णन करणारे ‘नागरकृतागम’ हे 1365 चे काव्य लाँबोक बेटावरील राजवाड्यात ताडपत्रावर टिकून होते. 1894 च्या डच मोहिमेत तो राजवाडा लुटला आणि जाळला गेला. सैन्याबरोबर गेलेल्या ब्रांडेस या भाषापंडिताने तेथील ताडपत्रे आगीतून वाचवली आणि ती लायडनला आली. 1973 मध्ये हे काव्य इंडोनेशियाला परत देण्यात आले. ब्रांडेसने ती ताडपत्रे वाचवली हे खरे, पण आग लावणारे सैन्य त्याच्याच सरकारचे होते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या पाहिजेत असे मला वाटते. या काव्याच्या अभ्यासात ज्यांचे नाव अग्रभागी आहे ते हेंड्रिक केर्न स्वतः जावात जन्मले होते आणि 1865 पासून लायडनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृत शब्दांनी भरलेली प्राचीन जावानी भाषा वाचायला त्यांना ती विद्या उपयोगी पडली.

‘ला गालिगो’ या बुगी महाकाव्याच्या बारा खंडांची कथा वेगळी आहे. दक्षिण सुलावेसीतील कोल्लिक पुजिए ही विदुषी, राजघराण्यातली आणि त्या वेळी स्वतःच विजनवासात असलेली, माथेस या डच मिशनऱ्यासाठी हे काव्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहून काढत होती. इतके लिहूनही मूळ कथेचा साधारण एक तृतीयांश भागच त्यात आला आहे. 2011 मध्ये युनेस्कोने या हस्तलिखिताची जागतिक स्मृतिसंचितात नोंद केली. प्रदीर्घ काळ ही प्रत माथेसच्या नावाने ओळखली जाई. आता तिच्या लेखिकेचे नाव आवर्जून घेतले जाते आणि ते योग्यच आहे.

साहित्याची दालने उघड्या कपाटांतही भरपूर आहेत. एदुआर्ड डाउवेस डेकर याने ‘मुल्टाटुली’ या टोपणनावाने लिहिलेली ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी 1860 ची. 1830 पासून जावाच्या शेतकऱ्यांवर निर्यातीच्या पिकांची सक्ती लादली गेली होती, आणि लेबाक येथे सहायक अधिकारी असताना पाहिलेला अन्याय लेखकाने या कादंबरीत मांडला. पहिल्या आवृत्तीत संपादकाने गावांची नावे आद्याक्षरे आणि टिंबे घालून झाकली होती. ती आवृत्ती पाहताना त्या टिंबांवरच बोट थांबते. सुरिनाममधील गुलामांच्या वंशजांच्या बाजूने आंतोन द कोम याने लिहिलेला इतिहास 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा लेखक 1945 मध्ये नाझींच्या छावणीत मरण पावला.

याच कपाटांजवळ मला रादेन आजेंग कार्टिनीच्या पत्रांचा ग्रंथ मिळाला. जावातील जेपारा येथे 1879 मध्ये जन्मलेल्या आणि पडद्यात वाढलेल्या या मुलीने डच भाषेत लिहिलेली पत्रे तिच्या मृत्यूनंतर, 1911 मध्ये, आबेंडानोन या अधिकाऱ्याने निवडून प्रसिद्ध केली. आबेंडानोन दांपत्याला तिने लिहिलेली पत्रे न कापता वाचायला मिळण्यासाठी 1987 उजाडावे लागले. या पत्रांत एके ठिकाणी पंडिता रमाबाईंचा उल्लेख आहे. आपण दहा-अकरा वर्षांची असताना वर्तमानपत्रात रमाबाईंविषयी वाचले आणि स्वतंत्र होणे केवळ गोऱ्या स्त्रियांनाच शक्य आहे असे नाही, हे कळून आपण उत्तेजित झालो, असे ती सांगते. कार्टिनी दहा वर्षांची झाली ते वर्ष 1889, म्हणजे रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले तेच वर्ष. मुंबई-पुण्यातील एका स्त्रीच्या कार्याची वार्ता डच वर्तमानपत्रातून जावाच्या एका वाड्यात पोहोचावी, आणि तिथल्या मुलीला तिने बळ द्यावे, हे वाचताना मी फार वेळ त्याच पानावर होते. रमाबाईंच्या आपल्याकडील चरित्रांत या वाचक मुलीला जागा मिळायला हवी.

नकाशे आणि छायाचित्रे यांविषयी एवढेच सांगते की त्यांचा फार मोठा भाग ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. चहा-रबराच्या मळ्यांवर काढलेल्या छायाचित्रांखाली बहुधा गोऱ्या व्यवस्थापकाचेच नाव असते, रांगेत उभ्या मजुरांचे नसते. संशोधक आता ती नावे शोधत आहेत.

मराठ्यांच्या इतिहासासाठी येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. डच कंपनीचा मूळ पत्रव्यवहार लायडनमध्ये नसून हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तो एक किलोमीटरहून अधिक लांबीच्या फडताळांवर मांडलेला असून 2003 मध्ये युनेस्कोने त्याचीही नोंद केली आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्रासाठी डच कागदपत्रांचा उपयोग केला होता. त्या वाटेने जाणारे नंतर थोडेच निघाले, कारण जुनी डच भाषा आणि तिचे वळणदार हस्ताक्षर दोन्ही शिकावे लागतात. लायडनच्या ग्रंथालयात बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्तातील कंपनीच्या मुख्यालयाच्या, रोजनिशीचे छापील खंड आहेत, आणि ते आधी चाळले तर हेगला कोणत्या वर्षांचे कागद मागवायचे हे ठरवता येते. मी वेंगुर्ल्याचे उल्लेख असलेली पाने टिपून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हेगला गेले.