कथेचे घटक आणि सेफ्टी पिन

बारावीच्या मुलांना कथेचे घटक विचारा, धडाधड म्हणून दाखवतात: कथाबीज, कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद. पाठ आहे सगळं. मग मी म्हणते, चला, आता चार ओळी लिहा.

परवा एकीने लिहिलं, ‘सुमन खूप गरीब होती.’ मी विचारलं, तुला कसं कळलं गं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘बाई, तिच्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.’ हे लिही की! आता सुमन एसटीत चढताना ती पिन निघाली आणि मागे रांगेत वर्गातलीच मैत्रीण उभी असली, तर संघर्षही आला. खाली वाकायचं की चप्पल तशीच फरफटवत चढायचं? सुमन काय करते, तेच तिचं पात्रचित्रण. वेगळा परिच्छेद कशाला हवा?

आणि हे सांगतंय कोण? सुमन स्वतः की ती मैत्रीण? निवेदक बदलला की गोष्टच बदलते. परीक्षेत यावर फारसं कुणी लिहीत नाही, मला मात्र सगळ्यात मजा इथेच येते.

शेवटी धक्का हवाच का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. लेखक ना. सी. फडक्यांच्या काळात तंत्राला, म्हणजे गोष्टीच्या आखीव बांधणीला, फार मान होता. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नव्या वळणाच्या कथेने, म्हणजे नवकथेने, घटनेपेक्षा मनातल्या खळबळीला महत्त्व दिलं. तेव्हा सुमनला शेवटी लॉटरी लागलीच पाहिजे असं काही नाही.