मिलोची भाकरी आणि तुराट्यांचा गोठा

आपल्या शाळेचा इतिहास छापायचा म्हणून समितीनं आठवणी मागवल्यात. शाळेचा इतिहास म्हटला की मुख्याध्यापक फादरांच्या फोटोंची रांग आणि इमारतींच्या कोनशिला आल्याच. ते बाकीचे लिहितील. मी बोर्डिंगचं लिहितो. आम्हा खेड्यातल्या पोरांची शाळा तिथूनच सुरू व्हायची.

संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा मिशनरी संघ पीटर मर्मिए यांनी १८३८ साली आल्प्सच्या कुशीतल्या आन्सी इथं काढला. १८४५ मध्ये त्यांचे फादर विशाखापट्टणमच्या कामासाठी भारतात आले आणि शतक सरता सरता मराठवाड्यातल्या घोगरगावला पोचले. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य आणि उर्दू कारभार. आपली शाळा याच कामातली. माझ्या वेळी आपला भाग अमरावती धर्मप्रांतात, म्हणजे अमरावतीच्या बिशपांच्या हद्दीत, होता. औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत १९७७ साली झाला.

१९७२ च्या दुष्काळात मी आठवीत होतो. बोर्डिंगला घरून धान्य द्यायची रीत होती, पण त्या वर्षी देणार कोण? आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. फादरांनी कुणाला धान्याचं विचारलंही नाही. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिला चिकटपणा नाही, थापताना भाकरीच्या कडा चिरायच्या. मग स्वयंपाकाच्या मावशी परातीत आधणाचं पाणी ओतून पीठ आधी लाटण्यानं ढवळायच्या, जरा निवलं की मळायच्या. एवढं करूनही गार भाकरी वातड व्हायचीच. सोबत पातळ वरण. कुरकुर करणाऱ्या पोराला मावशी म्हणायच्या, “घरी जाऊन बघ बाबा, तिथं काय शिजतंय ते.” पोरगं गुमान खायचं.

त्या नाताळात गव्हाणीचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, शाकारायला कडबा नव्हता. पेंढी हाती लागलीच तर ती आधी बैलांपुढं जायची. आम्ही तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, बांधून गोठा उभा केला. आमच्यात ख्रिस्ती पोरं थोडी, बाकी आम्ही बौद्ध, मराठा, धनगर, मांग. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनऐवजी मराठीतून होऊ लागली होती, त्यामुळं गाणीही मराठी. पेटीवर एक ब्रदर, तबल्यावर आमच्या वर्गातला धनगराचा पोरगा. आम्हाला कुणी धर्म बदला म्हटलं नाही. ख्रिस्ती पोरं धर्मशिक्षणाला गेली की आम्हाला नीतिशिक्षणाला बसवायचे. तो तास मात्र फार कंटाळवाणा, आज सांगायला हरकत नाही.

१९७५ च्या मार्चमध्ये जुनी अकरावी मॅट्रिक आणि नवी दहावी एकाच वर्षी आली. दोन वर्गांचा अभ्यास एका हॉलमध्ये, दिव्याजवळच्या जागेसाठी रोज भांडणं. केरळचे एक फादर गणित घ्यायचे. त्यांचा ‘ळ’ आमच्यापेक्षा स्वच्छ होता. रात्री दहाला ते स्वतः दिवे बंद करायला यायचे आणि कुणाचं गणित अडलेलं दिसलं की तिथंच बसायचे.

समितीला एक विनंती. फादर-सिस्टरांच्या यादीशेजारी मावशींची, वॉचमनची आणि विहिरीचं पाणी ओढणाऱ्या मामांची नावंही छापा. माझ्या काळातली चार-पाच नावं मी लिहून देतो. त्या वेळच्या पंगतीचा फोटो कुणाकडं असेल तर तोही कार्यालयात पाठवावा.