आमची वाटचाल : पुठ्ठा, रेझिन आणि लांबी

सांगलीत कागदी चिलखतं कडक करून, घासून, रंगवून देणारं पहिलं दुकान आमचं. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमच्याच पेठेतल्या एका पाटीवर हल्ली 'सर्वांत जुने' अशी अक्षरं झळकतात. त्या पाटीच्या मालकाबद्दल पुढे येईलच.

मूळ धंदा बाइंडिंगचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, हळदीच्या अडत्यांच्या लाल खातेवह्या बांधायचे. संगणक आला आणि खातेवह्या गेल्या. पण हे गाव नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथंच 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून इथल्या हौशी मंडळींना ढाल-तलवारीची गरज कधी संपलेली नाही. पुठ्ठा कापता येणारा माणूस दिसला की हे लोक त्याच्याकडे शिरस्त्राण मागायला येणारच. अण्णांकडे आले, अण्णांनी करून दिलं, आणि धंदा वळला.

अण्णांची पद्धत बाइंडरची होती. 32 औंसाचा स्ट्रॉबोर्ड, चिंचोक्याची खळ, कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद, वरून मांजरपाट, त्यावर सरस आणि व्हायटिंगचा, म्हणजे खडूच्या पुडीचा हात, शेवटी ॲल्युमिनियम पेंट. जाळीचं चिलखत आई सुतळीनं विणायची आणि त्यावर तोच रुपेरी रंग बसायचा. तिसऱ्या रांगेतून लोखंड वाटायचं. पहिल्या रांगेतल्यांना खुर्च्या फुकट असतात, असं अण्णा म्हणायचे.

चार आईना नावाच्या चिलखताला ही पद्धत चांगली चालते. छातीचा, पाठीचा आणि दोन बगलांचे असे चार सपाट पत्रे असतात, ते पुठ्ठ्यात छान निघतात. बगलेच्या पत्र्याला वरून अर्धगोल काप द्यायला विसरू नका, नाहीतर नट हात खाली घेऊच शकत नाही. घोडं अडतं ते शिरस्त्राणावर. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. डोकं दोन्ही दिशांना गोल असतं. त्यामुळे पाकळ्या पाडाव्या लागतात, पाकळ्या म्हटल्या की सांधे आले, आणि सांधे दिसले की चिलखताचा पुठ्ठा होतो.

हे सांधे बुजवायला आम्हाला शिकवलं मिस्त्रींनी. मिरज रोडवरच्या एका गॅरेजात ते डेंटिंग-पेंटिंग करायचे. एकदा आमच्या स्कूटरचा पत्रा ठोकून देताना त्यांनी दुकानात टांगलेल्या शिरस्त्राणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, ह्येला लांबी मारा की. गाडीला मारतो तीच." लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी. तिथून भागीदारी सुरू झाली. कागदपत्र काही नाही. ते संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि घासायला बसायचे.

मिस्त्रींची हत्यारं अजून माझ्याकडे आहेत. लांबी ओढायच्या स्टीलच्या पात्या, एक रुंद आणि एक बोटभर, दोन्हींच्या कडा वापरून वापरून आरशासारख्या झालेल्या. सागवानाचा ठोकळा, ज्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. अर्धगोल कानस. आणि सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, ठोकळा जिथे पोचत नाही अशा खोलगट जागेसाठी. हाताच्या बोटांनी कधी घासू नका, बोटांची उंची-खोली जशीच्या तशी लांबीत उतरते आणि रंग लागेपर्यंत दिसत नाही. मिस्त्री ठोकळ्याशिवाय घासणाऱ्याच्या हातावर पट्टी मारायचे. मी ती खाल्ली आहे.

पण कागदावर थेट लांबी थांबत नाही. कागद लवतो, लांबी लवत नाही, मग तडा जातो. म्हणून आधी आतून ताकद. इथं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे हार्डनर घातला की कडक होणारा चिकट द्रव, आणि फायबरची मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, आली. हे काम गाडीचे बंपर दुरुस्त करणाऱ्यांना पाठ असतं, फरक इतकाच की आपला साचा आणि आपला माल एकच असतो: कागद आत राहतो आणि चिलखत होऊन जातो.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गॅदरिंग, शिवजयंती, नाटकं, गणपतीचे देखावे. काम येत गेलं, पैसे बुडत गेले, पैसे येत गेले. अण्णा गेले, मिस्त्रींचे गुडघे गेले, तरी ते खुर्चीवर बसून घासायचे.

मुंबई-पुण्यात कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांचे पोशाख घालून पोरं जातात ते मेळे, भरायला लागल्यावर नवं गिऱ्हाईक आलं. इंजिनिअरिंगची पोरं, हातात घरी छापलेले ए-फोर कागद चिकटवून केलेलं हेल्मेट. जपानी पेपाकुरा सॉफ्टवेअरमधून त्रिमितीय आकृती उलगडून सपाट कागदावर काढायची, कापायची, नंबर जुळवून चिकटवायची. पहिल्या पोरानं हेल्मेट टेबलावर ठेवलं तेव्हा मिस्त्री बराच वेळ ते फिरवून बघत राहिले. शेकडो लहान लहान पैलू. अण्णांनी जे पाकळ्यांनी केलं, ते या पोरानं त्रिकोणांनी केलं होतं. पोराचा प्रश्न एकच होता: "काका, हे कडक करून मिळेल का?"

तोच आज आमचा धंदा आहे. म्हणून घरी करणाऱ्यांना चार गोष्टी सांगून टाकतो, कुणी विचारलं नसलं तरी.

कागद 180 ते 200 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारा, घ्या. त्याहून जाड घेतला तर बारीक पैलू नीट दुमडत नाहीत, पातळ घेतला तर रेझिन लागताच पोटात येतो. घडीच्या रेषेवरून रिफिल संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून आधी फिरवा. फेविकॉल थेंबानं लावा, ओघळानं नको, पाण्यानं कागद फुगतो आणि फुगलेला कागद पुन्हा सरळ होत नाही. रेझिन लावायच्या आधी आतून पुठ्ठ्याचे आडवे टेकू चिकटवा, कानापासून कानापर्यंत एक आणि हनुवटीपाशी एक. हा टेकू नव्वद टक्के पोरं देत नाहीत आणि मग हेल्मेट वाकडं आलं म्हणून आमच्याशी भांडतात.

मग बाहेरून रेझिनचा एक पातळ हात. तो वाळला की आतून 300 जीएसएमची मॅट. कात्रीनं चौकोन कापू नका, हातानं तळव्याएवढे तुकडे फाडा, फाडलेल्या कडा एकमेकींत मिसळतात. ब्रश ओढू नका, टोचत जा, आतली हवा बाहेर काढा. एका वाटीत शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा. जास्त कालवलं की वाटीतच तापून धूर निघतो. हार्डनर उन्हाळ्यात एक टक्क्याच्या आसपास, थंडीत दोनपर्यंत. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर कडक करणारं रसायन, वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी टाकायचे नाहीत, भडका उडतो. खिडकी उघडी ठेवा आणि कार्बनचं काडतूस असलेला मास्क लावा. कापडी मास्क धूळ थोपवतो, रेझिनची वाफ नाही. शाळकरी पोरांनी यात पडूच नये, त्यांना फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर पुरतात, फक्त दर दोन थरांनी पूर्ण वाळू द्यायचं.

लांबी पातळ थरांत मारा. ती अर्धवट कडक असताना कानशीनं उतरवा, पुरी वाळल्यावर तेच काम तिप्पट होतं. पॉलिश पेपर 80 नंबर, 120, 220, मग सरफेसर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मग 400 पाण्यात. मधे काळ्या रंगाचा एक उडता फवारा मारून पुन्हा घासा: जिथं काळं राहिलं तिथं खड्डा आहे. ही मिस्त्रींची युक्ती, गाडीवरून आलेली. रंगात सगळ्यांना घाई असते. रुपेरी रंगाखाली काळा चकचकीत हात द्या. किंवा मॅट काळ्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड कापडानं चोळा, कुठल्याही डब्यातल्या रुपेरीपेक्षा ते जास्त पोलाद दिसतं. शेवटी खाचांत काळपट-तपकिरी पाणी सोडून वरचं पुसून घ्या. नवंकोरं चिलखत कधी कुठल्या योद्ध्यानं घातलं?

आता पाटीवाल्याबद्दल. तो आमच्याच टेबलावर शिकला. पोरगा हुशार, हात हलका. काम सोडून गेला तेव्हा अण्णांच्या फर्म्यांच्या, म्हणजे पुठ्ठा कापायच्या नमुन्यांच्या, नकला त्याच्याकडे होत्या, हे मला एका गिऱ्हाइकानं दाखवलेल्या छातीच्या पत्र्यावरून कळलं. अण्णांच्या फर्म्यात डाव्या खांद्याला एक विनाकारण खाच होती, ती खाचही त्यानं इमानानं उतरवली होती. त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढचं. त्यानं आतलं फायबर बंद केलं. कागदावर थेट लांबी, वर डुकोचा, म्हणजे गाडीला मारतात तो रंग, आणि भाव आमच्या दोन तृतीयांश. दुकानात ठेवलेलं दिसायला आमच्यापेक्षा चकचकीत. एका मोठ्या शिवजयंती मिरवणुकीचं काम त्याच्याकडे गेलं. दुपारच्या उन्हात चार तास चालून मावळ्यांच्या छात्यांवर तडे गेले, एकाचा खांदा रस्त्यात गळून पडला. मंडळानं त्याला काही बोललं नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की कागदी चिलखत टिकत नाही, आणि पुढच्या वर्षी थेट फायबरचं मागवलं. त्याच्या तड्यांचे पैसे आम्ही भरले.

मग ऑगस्ट 2019. कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा पेठेतल्या प्रत्येकानं 2005 ची खूण बघितली आणि माल तिच्या वर उचलला. आम्हीही. 2005 ला आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं आणि त्याहून जास्त येईल असं जुनी माणसंही म्हणत नव्हती. या वेळी ते 57 फुटांच्या पुढे गेलं. आम्ही मिरजेला मेहुण्याकडे, आणि दुकान पाण्याखाली.

पाणी उतरल्यावर शटर उचललं तेव्हा ते वर जाईना. आतले स्ट्रॉबोर्डचे गठ्ठे फुगून लोखंडी रॅक वाकले होते आणि एक रॅक शटरवर रेलला होता. अण्णांचे ब्राऊन पेपरवरचे सगळे फर्मे गेले. फक्त ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काढलेले राहिले. गॅदरिंगसाठी तयार केलेला, फक्त लाखेचा हात दिलेला माल होता, त्याचा लगदा जमिनीवर थापला गेला होता. पण फायबर मारलेली हेल्मेटं पाण्याबरोबर छतापर्यंत वर गेली आणि पाण्याबरोबर खाली आली. आत गाळ, बाहेर गाळ. मिस्त्रींनी नळी लावून धुतली. रंग निघाला, लांबी कुठंकुठं फुगली, पण एकाही हेल्मेटचा आकार बदलला नव्हता. विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा त्यानं 'कागदाचा माल' असं लिहिलं आणि कागदाचा भाव लावला. मी त्याला ते हेल्मेट डोक्यावर घालून त्यावर हातोडी मारून दाखवली. त्यानं भाव बदलला नाही.

त्या पंधरवड्यात पाटीवाल्यानं गिऱ्हाइकांना फोन केले की ते दुकान संपलं, आता इकडे या. त्याचं दुकान चढावर, पाणी पोचलंच नव्हतं. पूर ओसरला तरी मला त्याचा राग आला, आणि आजही येतो.

तासगावच्या बाई आल्या नसत्या तर त्याचं म्हणणं खरं झालं असतं. बाई एका शाळेत चित्रकला शिकवायच्या, अण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. माल घेताना प्रत्येक पत्रा कोपराच्या हाडानं दाबून बघायच्या, दबला तर परत. भाव कधी केला नाही आणि उशीर कधी सोडला नाही. पूर ओसरल्यावर त्या चिखलातून साडीचा काठ धरून आल्या, बारा मावळ्यांची ऑर्डर दिली आणि पैसे आगाऊ मोजले. मी म्हणालो, बाई, दुकानात पुठ्ठासुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "गॅदरिंग डिसेंबरात आहे. तोवर आण." रॅक सरळ करून घेतले ते त्या पैशांत.

त्यानंतर कोरोना आला, गॅदरिंग बंद, नाटकं बंद, ते सगळ्यांचंच झालं. पोरं मात्र घरी बसून कागद कापत राहिली, आणि टाळेबंदी उठली तसे पार्सलचे ढीग लागले. मिस्त्री तोपर्यंत होते. त्यांच्या पात्या आता माझा मुलगा वापरतो, ठोकळ्यासकट.

माल पाठवणार असाल तर एवढं करा. जुलै-ऑगस्टात आम्ही रेझिनचं काम घेत नाही, दमट हवेत वरचा थर चिकट राहतो. हेल्मेट खोक्यात उलटं ठेवू नका, कपाळाचा पैलू चेपतो. टेकू काढून पाठवू नका. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून मोजून चिठ्ठीवर लिहा, टोपीचा नंबर नको. फायबर आणि आतला फोम धरून आतली जागा बोटभर कमी होते, तेव्हा आकृती छापतानाच थोडी मोठी घ्या. चष्मा लावत असाल तर तेही चिठ्ठीवर लिहा.