भाताची मूद आणि वाळूचे कासव

दिवाळीच्या सुटीत आमच्या चार घरांतील १९ जण दापोलीजवळच्या मुरुडला तीन दिवस राहिलो आणि त्यातील एका सकाळी आम्ही किनाऱ्यावर वाळूशिल्पांची घरगुती स्पर्धा घेतली. स्पर्धेची वेळ आजीने ठरवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ कळते, हा कोकणातला हिशेब तिला माहेरापासून तोंडपाठ आहे. त्या दिवशी कार्तिक शुद्ध पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला भरती आणि त्याआधी सुमारे सहा तास, साडेनऊ-पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. म्हणून आम्ही साडेआठला सुरुवात करून अकराला थांबायचे ठरवले.

प्रत्येक गटात वेगवेगळ्या घरांतील मोठी माणसे आणि मुले एकत्र असावीत, आणि शिल्पात वाळू, पाणी, शंखशिंपले व गळून पडलेली पाने यांखेरीज काही वापरू नये, एवढेच नियम होते. मी त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे गटातील सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा कोणी खणायचा नाही, कारण वाळूच्या खड्ड्याच्या कडा अचानक ढासळतात आणि आत असलेल्याला बाहेर पडता येत नाही. दुसरे म्हणजे सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या वाळूत उकराउकर करायची नाही. आंजर्ले, वेळास या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि त्यांची घरटी भरतीच्या रेषेच्या वरच असतात.

आदल्या दिवशी आम्ही हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग पाहून आलो होतो, त्यामुळे तीन गटांनी किल्लाच करायला घेतला. मुलांचा आत्मविश्वास मोठा होता, कारण दरवर्षी दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची त्यांना सवय आहे. परंतु अंगणातला किल्ला विटा, पोती आणि चिकणमातीवर उभा राहतो. माती स्वतः चिकट असते. वाळूच्या कणांना मात्र त्यांच्यामधला पाण्याचा पातळ थरच धरून ठेवतो. पाणी कमी पडले की वाळू भुरभुरते, फार झाले की वाहू लागते. मुलांनी बादल्या भरभरून ओल्या वाळूच्या सरळ उभ्या भिंती रचल्या आणि उन्हाने वरचा थर सुकताच तासाभरात एकेक बुरूज खाली बसला. पुरीचे सुदर्शन पटनायक, ज्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या शिल्पांची छायाचित्रे मुलांनी मोबाइलवर पाहिली होती. ती पुन्हा उघडून दाखवल्यावर, त्यांतील मोठी शिल्पे पायाशी रुंद आणि वर निमुळती असतात, हे त्यांच्या लक्षात आले.

थोरल्या आत्याच्या गटाने मात्र पहिला पाऊण तास कोणताही आकार दिला नाही. त्या वेळात फक्त ढीग झाला. चार बोटे जाडीचा वाळूचा थर पसरायचा, त्यावर पाणी शिंपडायचे, तळहातांनी आणि मग पायांनी दाबून घट्ट करायचा आणि त्यावर पुढचा थर घालायचा. सहा वर्षांची भाची कंटाळली तेव्हा आत्या तिला म्हणाली, ‘‘अगं, भाताची मूद पाडताना वाटी दाबून भरली नाही तर पानात काय होतं? भात पसरतो ना? तसंच आहे हे.’’ भाचीला ते लगेच पटले आणि ती ढिगावर नाचू लागली.

त्या घट्ट ढिगातून त्यांनी वरून खाली कोरत कासव काढले. सुवर्णदुर्गाच्या दरवाजातील पायरीवर कोरलेले कासव आत्याने बराच वेळ न्याहाळले होते. घरून आणलेल्या उलथन्याने पाठीचा उतार तासला, चमच्याच्या दांड्याने पाठीवरची खवले आखली, आणि कोरताना पडलेली वाळू भाची फुंकरीने उडवत राहिली. वरून खालीच का जायचे, हेही तेव्हा कळले: खालचे काम आधी केले असते तर वरून पडणाऱ्या वाळूने ते बुजले असते.

आजीने पहिला क्रमांक कासवाला दिला आणि तो योग्य होता, असे मला मनापासून वाटते. किल्ल्यांच्या गटांनीही तक्रार केली नाही. त्यांतील दोन मुले निकालानंतर आत्याजवळ बसून थर कसे दाबायचे ते विचारत होती. आम्ही सगळे खड्डे बुजवले, शिंपले तिथेच ठेवले आणि जेवायला गेलो.

साडेतीनच्या सुमारास मुलांसह पुन्हा किनाऱ्यावर आलो तेव्हा किल्ल्यांच्या जागी पाणी होते. कासवाचे पुढचे पाय गेले होते, पाठ अजून शाबूत होती, आणि प्रत्येक लाट तिच्या दोन्ही बाजूंनी वळून परत जात होती.