कुंडीतला ख्रिसमस ट्री खानदेशच्या उन्हाळ्यात कसा तगवायचा

डिसेंबर लागला की जळगाव, धुळे, भुसावळच्या रोपवाटिकांमध्ये कुंडीतले ख्रिसमस ट्री दिसायला लागतात. नाताळात ते हिरवेगार असतात, होळीपर्यंतही बरे असतात, आणि एप्रिल-मेमध्ये खालून वाळत जातात. लोकांना वाटतं, पाणी कमी पडलं. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं: कुंडीत भरलेली काळी माती, बोअरचं क्षारपट पाणी, तापलेली कुंडी, किंवा जानेवारीतच जमिनीत लावण्याची घाई. या चार गोष्टी सांभाळल्या तर हे झाड खानदेशात जगतं.

आपल्याकडे या नावाने विकलं जातं ते अरौकारिया. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या नॉरफोक बेटाचं. तिथे बारमाही दमट समुद्री हवा असते आणि पारा सहसा तिशीच्या वर जात नाही. भुसावळात मे महिन्यात तो 45 च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. म्हणजे पहिले दोन उन्हाळे झाडाला आडोसा द्यावाच लागतो. युरोपातले स्प्रूस किंवा फर (तिकडे ख्रिसमस ट्री म्हणून वापरतात ती थंड हवेतली झाडं) मात्र इथे आणूच नयेत. तोरणमाळच्या थंडीवरही त्यांचं भागत नाही. ज्यांना एवढी निगा जमणार नाही त्यांनी सरळ मोरपंखी घ्यावी; ती आपलं ऊन बऱ्यापैकी सोसते आणि दिव्यांनी सजवलेली छान दिसते.

विकत घेताना आधी शेंडा बघा. मधला शेंडा मोडलेलं रोप कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मग बुंध्याशी माती बाजूला करून बघा. दाट दिसावं म्हणून काही वेळा एकाच कुंडीत तीन-चार रोपं लावलेली असतात. तशी असतील तर सर्वांत जोमदार एक ठेवा आणि बाकीची मातीलगत कात्रीने कापा. उपटायला गेलात तर गुंतलेली मुळं तुटतात, आणि अरौकारियाला मुळांची ओढाताण अजिबात चालत नाही. पानांवर चमकी किंवा रंग फवारलेलं रोपही नको.

सजावटीसाठी झाड घरात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. खिडकीजवळ, भरपूर उजेडात ठेवा. पंख्याचा थेट वारा लागू देऊ नका. फांद्या मऊ असतात, जड घंटा-गोळ्यांनी त्या कायमच्या वाकतात. दिवे एलईडीचेच लावा. नाताळ झाला की झाड एकदम उन्हात नेऊ नका. आठवडाभर सावलीत, मग फक्त सकाळच्या उन्हात, असं सवयीने बाहेर काढा.

कुंडी 12 इंचांची हवी. मिश्रणात चार भाग पोयटा माती (नदीकाठची गाळाची माती), तीन भाग कोकोपीट, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडी वाळू. वर मूठभर निंबोळी पेंड. कपाशीच्या रानातली काळी माती कुंडीत भरू नये. वाळली की ती आकसते आणि कुंडीची भिंत व माती यांच्यात बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. बशीत पाणी दिसतं म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच असतो. तशी फट दिसलीच तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, नंतर पूर्ण निथळू द्या.

पाणी वाराने नाही, बोटाने ठरवा. बोटाची दोन पेरं मातीत घाला. तिथे कोरडं लागलं तरच पाणी द्या. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला की तो बोअरच्या पाण्यातला क्षार आहे असं समजा. पानांची टोकं त्यानेच करपतात. महिन्यातून एकदा इतकं पाणी द्या की चौथा हिस्सा खालून वाहून जाईल. एसीतून ठिबकणारं पाणी साठवून वापरलं तर उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात.

मार्च ते जून झाड 50 टक्के शेडनेटखाली, पश्चिमेचं ऊन अडेल अशा जागी ठेवा. काळी प्लॅस्टिकची कुंडी इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. या दिवसांत खत बंद. पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि जाळी दिसली तर तो लालकोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे. संध्याकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं धुवा. गंधकाची फवारणी कडक उन्हाळ्यात टाळा, पानं करपतात.

जमिनीत लावायचं ते पाऊस नीट बसल्यावर, जूनअखेर ते जुलै. काळ्या जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली तर श्रावणात त्या खड्ड्याचा हौद होतो. आजूबाजूची चिकण माती पाणी झिरपू देत नाही आणि मुळं सडतात. म्हणून खड्डा फूटभरच घ्या, तळाची माती कुदळीने मोकळी करा आणि त्यावर चार फूट रुंद, दीड फूट उंच गादी करा. तिच्यात मुरूम, पोयटा आणि शेणखत मिसळा. कुंडीत मातीची पातळी जिथे होती तिथेच राहू द्या, बुंधा गाडू नका. गोलगोल फिरलेली बाहेरची मुळं धारदार ब्लेडने तीन-चार ठिकाणी कापा, बाकीचा गोळा फोडू नका. घरापासून वीस-पंचवीस फूट अंतर ठेवा आणि वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघा, कारण हे झाड पन्नास फुटांच्या वर जाऊ शकतं.

बुंध्यापासून फूटभर अंतरावर दोन ड्रिपर द्या, आणि केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन बुंध्यापासून चार बोटं लांब पसरा. उन्हाळ्यात पश्चिमेला आडोसा लागेलच. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड चालतो, पण तो झाडाला खेटून उभा करू नका. वाळवी आधी त्यात शिरते आणि मग मुळांकडे येते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडली तर ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून उपयोग नाही, चुना त्याला बांधून ठेवतो. ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह (चुन्यात अडकून न पडणारं लोहाचं खत) पाकिटावर दिलेल्या मात्रेने पाण्यातून द्या.

खालच्या जुन्या फांद्या वर्षाकाठी एखाद-दुसरी वाळली तर घाबरू नका, तिथे नवी फुटणार नाही. वादळात शेंडा मोडला तर बाजूची फांदी ओढून उभी बांधू नका, ती आडवीच वाढते. मोडलेल्या जागेच्या खाली खोडावर काही महिन्यांत नवे उभे कोंब फुटतात. त्यातला सर्वांत सरळ कोंब ठेवा, बाकीचे काढून टाका, आणि आधाराच्या काठीची सुतळी दर दोन महिन्यांनी सैल करा, नाहीतर ती खोडात रुतते.