गावच्या पाण्याचा हिशेब मांडताना

आमचं गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. महाबळेश्वराला जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे अख्ख्या वर्षाला पुरवायचा असतो. गावातला टँकर कायमचा बंद व्हावा आणि पोरांना माथाडी कामासाठी मुंबई गाठावी लागू नये, हे आमच्या बचत गटातल्या बायकांचं कैक वर्षांचं स्वप्न. ते आजही तेवढंच मोठं आहे.

श्रमदानात गाव कधीच मागे नव्हतं. २०१८ साली आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिली आली, तेव्हा सगळ्या माणमध्ये वारं शिरलं होतं. आम्हीही डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, ओढा खोल केला. पाणी आलं. पण पाठोपाठ ऊस आला, नव्या बोअर आल्या, आणि मार्चअखेर विहिरी पुन्हा तळाला गेल्या. पाणी अडवणं जमलं होतं, वाटून घेणं राहिलं होतं.

मग आम्ही काहीजण हिवरे बाजारला गेलो. पोपटराव पवारांचं गाव सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण तिथे मला सगळ्यात भिडला तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत हिशेब मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. त्यांचा पाऊसही आमच्यासारखाच बेताचा. परतताना गाडीत आमचं ठरलं, आपणही मांडायचा.

ताळेबंद म्हटलं की लोक बिचकतात, पण गणित शाळेतलंच आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला, नोंदीचं काम सातवीच्या मुलींनी घेतलं. विहिरींची पातळी आम्ही टेपने मोजत होतो, पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी. पिकांखालचं क्षेत्र पीकपाहणीतून घेतलं, जनावरांचा आकडा घरोघर फिरून. पडलेल्या पाण्यातलं बरंचसं उडून आणि वाहून जातं, जमिनीत थोडंच मुरतं. त्यात आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी धरून ठेवतो तो वरचा कुजका खडक आणि भेगा. बोअर ६०० फूट खाली नेली म्हणून नवं पाणी तयार होत नाही, बऱ्याचदा शेजाऱ्याच्याच विहिरीतलं ओढलं जातं.

खरी कसोटी ग्रामसभेची. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा लागतो. पहिली सभा तहकूब झाली. तहकूब सभेला पुढच्या वेळी गणपूर्तीचं बंधन नसतं, त्यामुळे पंधरा-वीस डोक्यांत ठराव उरकता आला असता. आम्हाला ते नको होतं. ज्यांच्या शेतावर ठराव लागू व्हायचा, तेच सभेला नसतील तर तो कागदावरच राहणार. म्हणून वस्त्या-वस्त्यांवर गेलो, आधी महिला सभा घेतली. पुढच्या सभेला मारुतीच्या देवळापुढे बसायला जागा उरली नव्हती.

मी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. गावची वस्ती १,५०० धरली आणि माणशी रोज ५५ लिटर, तर वर्षाचं घरगुती पाणी साधारण ३ कोटी लिटर. पाटाने भिजवलेल्या १ एकर उसाला वर्षाला जवळपास ८० लाख लिटर. म्हणजे चार एकर ऊस अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी पितो. तेवढ्याच पाण्यात वीसेक एकर शाळू निघतो.

सभा चिडीचूप झाली. मग एक आबा उठले. "ताई, इहीर माजी, पानी माजं. त्येचा हिशेब गावानं का करायचा?"

प्रश्न रास्त होता. आबांनी कर्ज काढून विहीर पाडली होती. उत्तर दिलं ते त्यांच्याच भावकीतल्या वहिनींनी. "आबा, इहीर तुमची खरी. पर डोंगरावर चर आमी खणलं, आन् त्येचं पानी तुमच्या इहिरीत उतरलं. त्ये कुनाचं?"

त्यावर बरीच रात्र होईपर्यंत बोलणं झालं. उभा ऊस मोडायचा नाही. नवी लागण फक्त ठिबकवर आणि पाऊस सरासरीइतका झाला तरच. शेतीसाठी नवी बोअर नाही. मार्चपासून ओढ्याकाठच्या विहिरी पिण्यासाठी राखीव. गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे तर १९९३ च्या कायद्यापासून आहे. तेही ठरावात लिहून घेतलं, कारण ते बहुतेकांना माहीतच नव्हतं. पीक बदलायला लावणारी सक्ती ठरावात नाही. माणसं पाळतात ती आकडे स्वतः मोजले म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात टँकर आला, पण नेहमीपेक्षा बराच उशिरा. आबांनी निम्म्या उसाच्या जागी शाळू आणि हरभरा केला. तोट्यात गेले नाहीत, पण उसाइतका बिनघोर पैसाही नव्हता, आणि हे दरवर्षी सभेत उघड बोललं गेलं पाहिजे. शाळूला नीट भाव मिळाला नाही तर आमचा ठराव टिकणार नाही. म्हणून गटातर्फे शाळू साफ करून पिशव्यांत भरून साताऱ्यात विकायचं घाटतंय.

आणि आमचा ओढा ज्या वाडीतून येतो, तिच्या बोअर अजून हिशेबाबाहेर आहेत. ऑक्टोबरच्या सभेला त्या वाडीच्या बायकांना बोलावलंय. आमच्या सातवीच्या मुली त्यांच्याकडेही पर्जन्यमापक बसवून द्यायला तयार आहेत.